पावसात गप्प झालेला मेटल डिटेक्टर

२०२४ च्या गणपतीत सहाव्या दिवशी, १२ सप्टेंबरला, संध्याकाळच्या आरतीआधी जोराची सर आली. मी महिलांच्या रांगेच्या तोंडाशी उभी होते. मांडवाच्या ताडपत्रीवरून पाण्याची धार नेमकी माझ्या मनगटावर येत होती. हातातला मेटल डिटेक्टर आधी समोर कोणी नसतानाही वाजत राहिला, मग त्याचा आवाज घोगरा झाला आणि मग तो बंदच पडला. मागे शंभरएक बायका, कडेवर मुलं, हातात नारळाची ताटं. पिशव्या उघडून दाखवायला सांगत आम्ही रांग पुढे सोडली. त्या रात्री मला झोप लागली नाही. काही झालं नाही हे खरं, पण झालं असतं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आमचं मंडळ सदाशिव पेठेतलं, लहान. तरी पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत स्फोट झाला, १ ऑगस्ट २०१२ ला जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले, आणि त्यानंतर आमच्यासारख्यांनीही ही हातात धरायची मशीनं घेतली. आमच्याकडे पाच होती. २०२४ च्या विसर्जनापर्यंत त्यातली तीन मुकी झाली होती. २०२५ चा उत्सव तर २७ ऑगस्टला सुरू होणार, म्हणजे अगदी भर पावसात.

१५ जूनच्या बैठकीत मी विषय काढला. पावसात चालणारी मशीनं मिळतात, पण त्यांचा भाव आमच्या वर्गणीला झेपणारा नाही. खजिनदार दादा म्हणाले, “ताई, जुनीच नीट होतात का बघा. पण प्रत्येक वस्तूचं बिल आणा.” आमचं मंडळ नोंदणीकृत आहे, हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे जातो, त्यामुळे दहा रुपयांच्या सेलोटेपचीही पावती लागते. मी हो म्हणाले. मी शाळेत मराठी शिकवते. तोवर मी मिक्सरचा प्लगसुद्धा कधी बदललेला नव्हता. तेव्हा ज्यांना या कामाची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम कागदाचं. बंद पडलेल्यांपैकी एका मशीनची हमी संपायला दोन महिने होते. विक्रेत्याला मेल केला. उत्तर यायला ११ दिवस लागले. पाण्याने झालेला बिघाड हमीत बसत नाही आणि मशीन उघडलं तर उरलेली हमीही जाईल, असं त्यात होतं. वाईट वाटलं, पण एक गोष्ट स्पष्ट झाली. तुमचं मशीन हमीत असेल तर आधी लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा आणि ते मशीन सगळ्यात शेवटी उघडा. हात आधी जुन्यावर बसू द्या.

आमच्या वाड्यात एक काका आहेत. तपकीर गल्लीतल्या दुकानात त्यांनी कितीतरी वर्षं रेडिओ दुरुस्त केले. पालख्या पुण्याहून पुढे गेल्यावर, २९ जूनच्या रविवारी, मी तिन्ही मशीनं त्यांच्यापुढे ठेवली आणि विचारलं, “काका, वरून काय लावू म्हणजे पाणी जाणार नाही?” ते म्हणाले, “लावायचं नंतर बघू. आधी उघड. पाणी कुठून गेलं ते बघितल्याशिवाय तू काय आणि कुठे लावणार?”

आधी सेल काढला. मग चार स्क्रू, त्यातले दोन कंपनीच्या स्टिकरखाली लपलेले. प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढला. हे न विसरता करा, कारण जोडताना कुठली तार कुठून वळली होती ते आठवत नाही. कवचाचे दोन भाग वेगळे झाले आणि पहिल्यांदाच मला दिसलं की आत फार काही नसतंच. पुढच्या चपट्या भागात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, मुठीत हाताच्या दोन बोटांएवढा बोर्ड, नाण्याएवढा बझर, थरथरण्यासाठी एक इवलीशी मोटर आणि नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. त्या सेलच्या टोपीवरच्या दोन बटणांवर हिरवी पूड साठली होती. बोर्डावर पाणी वाळल्याचा पांढुरका डाग होता, आणि त्या डागाचं टोक सरकत्या बटणाच्या खाचेपाशी जात होतं. काकांनी पेन्सिलीच्या टोकाने तो माग दाखवला. पाणी समोरून आलंच नव्हतं. ते पुढच्या भागावरून ओघळत मुठीकडे आलं होतं आणि पहिली फट सापडली तिथे आत शिरलं होतं.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ दातांच्या जुन्या ब्रशने घासला. बाटली १६० रुपयांना मिळाली. हे काम खिडकी उघडून करा आणि जवळ निरांजन, उदबत्ती, गॅस काही पेटतं नको. कोणी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगेल. त्याने पाण्यातले क्षार बोर्डावरून हलत नाहीत आणि गंज तेच आणतात. दुसऱ्या दिवशी सेल लावला आणि एक मशीन वाजलं. मी स्वयंपाकघरातून उलथनं आणून पुन्हा पुन्हा त्याच्यापुढे धरलं. दुसरंही वाजलं. तिसऱ्याचं वेटोळंच मुळाशी तुटलं होतं, केसाएवढी तार, ती काकांनाही जोडता आली नाही. म्हणजे धड दोन आणि दुरुस्त दोन अशी चार मशीनं हाताशी राहिली.

आता पाणी अडवायचं. पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तोच माझ्याही आला, प्लॅस्टिकची पिशवी. ६ जुलैला आषाढी होती, घरी निवांत होते. एक मशीन झिपच्या पिशवीत घातलं, तोंडाला रबर लावलं आणि तासभर गच्चीत पावसात फिरवून आणलं. पाणी आत गेलं नाही, पण हाताच्या उबेने पिशवीला आतून घाम आला आणि मूठ ओली झाली. शिवाय बटण हाताला नीट लागेना. दहा मिनिटांच्या कामाला पिशवी चालेल, सहा तासांच्या रांगेला नाही.

दुसऱ्या प्रयत्नात माझी चूक झाली आणि ती सविस्तर सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पत्र्याच्या गळतीला लावतात ती चंदेरी टेप मी २४० रुपयांना आणली. चांगली जाड, चिकट. १३ जुलैला एका मशीनच्या कवचाच्या सांध्यावर सगळीकडून नीट दाबून बसवली आणि बटण सरकवलं. मशीन सलग वाजू लागलं. बंद केलं, पुन्हा लावलं, तेच. मला वाटलं आतलं काहीतरी जळलं. काकांकडे धावत गेले. त्यांनी टेपचं एक टोक सोलून उजेडात धरलं. ती ॲल्युमिनियमची होती. वेटोळ्यातून सतत बदलता प्रवाह जातो, त्याच्याभोवती चुंबकी क्षेत्र तयार होतं आणि त्यात धातू आला की मशीन ओरडतं. मी धातू शोधणाऱ्या यंत्राला धातूच गुंडाळला होता. रबर, प्लॅस्टिक, सिलिकॉन यांचा मशीनला काही फरक पडत नाही. धातू मात्र टेपमध्येही नको, नव्या स्क्रूंमध्येही नको, घट्ट करायच्या क्लिपमध्येही नको.

तिसऱ्या वेळी घाई केली नाही. बोहरी आळीत गेले आणि सिलिकॉन सीलंट मागितलं. दुकानदाराने दोन नळ्या पुढे केल्या. काकांनी आधीच बजावलं होतं की व्हिनेगरसारखा वास येतो ते घेऊ नकोस, वाळताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि तांबं खातं. नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं हवं. ते २९० रुपयांना मिळालं. दाराच्या फटींना लावायची चिकट फोमपट्टी ८० रुपये, नायट्राइलचे सुटे हातमोजे ६० रुपये, स्क्रू ड्रायव्हरचा संच २२० रुपये. फोमपट्टी घेताना तिचा तुकडा पाण्यात बुडवून पिळून बघा. स्पंजासारखं पाणी पिणारी पट्टी उपयोगाची नाही.

२० जुलैपासून चार रविवार हेच केलं, दर रविवारी एक मशीन. आधी उघडं मशीन रात्रभर डब्यात ठेवायचे, सोबत बुटांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळी हवा आत कोंडून बंद केलं तर ओल आपणच आत ठेवल्यासारखं होतं. मग सांध्याच्या खाचेत आतून सिलिकॉनची बारीक रेघ, दोन्ही भाग जुळवून स्क्रू, आणि बाहेर आलेलं ओल्या बोटाने पुसून घ्यायचं. वरची साय वीसेक मिनिटांत धरते, पण २४ तास हात लावायचा नाही. मी एकदा सहा तासांनी उचललं आणि सांधा सरकला. पुन्हा सोलून पहिल्यापासून करावं लागलं.

बझरच्या भोकांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. सिलिकॉनने बुजवली तर आवाजच मेला. मग काकांनी सुचवलं तसं पातळ पॉलिथिनचं रुपयाएवढं गोल कापलं, कवचाच्या आतून भोकांवर ताणून धरलं आणि फक्त कडेने सिलिकॉन लावलं. मधला भाग मोकळा राहिला की तो ढोलाच्या पानासारखा थरथरतो आणि आवाज बाहेर येतो. थोडा कमी येतो. मला त्याची फिकीर नव्हती, कारण समोर ताशा कडकडायला लागला की बझर कोणालाच ऐकू येत नाही आणि आम्ही मशीन थरथरण्यावरच ठेवतो.

सरकत्या बटणावर हातमोज्याच्या तळव्याचा चौकोनी तुकडा लावला, मध्ये चुणी ठेवून. ताणून बसवला तर बटण सरकत नाही, चुणी असली की अंगठ्याखाली छान सरकतं. कडा सिलिकॉनने, वरून काळी विजेची टेप. सेलच्या झाकणाला आतल्या बाजूने फोमपट्टी, आणि झाकण दाबून राहावं म्हणून वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली कडी. ती कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या भाऊंनी पैसे न घेता दिली, त्यामुळे तिची पावती नाही. चार्जिंगचं भोक कायमचं बुजवलं, सेल बाहेर काढून चार्ज करता येतो.

संवेदनशीलता कमीजास्त करायचा एक बारीक स्क्रू भोकाच्या आत असतो. तो आधी जुळवा, मग भोक बुजवा. मी पहिल्या मशीनला उलटं केलं आणि सुईने सिलिकॉन उकरत बसले. जुळवताना एकच किल्ली, एकच पाच रुपयांचं नाणं आणि एकच चमचा चारही मशीनला ठरावीक अंतरावरून दाखवला, म्हणजे एक जास्त वाजतंय आणि एक कमी असं होत नाही. हे लोखंडी कपाटापासून आणि पलंगापासून लांब उभं राहून करायचं.

पाणी आत गेलं की नाही हे कसं ओळखायचं? मशीन चालू आहे म्हणजे कोरडं आहे असं नसतं, गंज दोन आठवड्यांनी दिसतो. शाळेत मी शाईचं पेन वापरते. वहीच्या कागदाची बोटभर पट्टी कापली, तिच्यावर शाईने मशीनचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि सेलशेजारी सरकवली. दुसरी पट्टी कवच बंद करण्याआधी बटणाच्या आतल्या बाजूला ठेवली. मग बाथरूममध्ये शॉवरखाली दहा मिनिटं, पुढचा भाग वर करून पाच आणि खाली करून पाच. बाहेर काढून पुसलं, झाकण उघडलं. सेलकडची पट्टी कोरडी. बटणाकडची काढायला सगळं सोलावं लागलं, आणि तिच्यावरच्या २ च्या आकड्याला निळी शेपटी फुटली होती. कडेचा सिलिकॉन एका कोपऱ्यात उचलला गेला होता. रडू आलं होतं खरं. चार तासांचं काम होतं ते.

काकांनी ते मशीन रांगेत धरतात तसं माझ्या हातात धरायला लावलं आणि वरून तांब्याने पाणी ओतलं. आपण मशीन फिरवताना पुढचं टोक बहुतेक वेळ वर असतं. सगळं पाणी मुठीकडे धावतं आणि आधी बटणालाच लागतं. खिडकीच्या छज्जाला खालून खाच ठेवतात, म्हणजे पाणी भिंतीकडे न येता तिथूनच टपकतं, तसं इथे हवं होतं. मुठीच्या वर, मानेपाशी, ट्यूबचीच एक जाड कडी घट्ट चढवली. पुन्हा पाणी ओतलं. कडीपाशी धार थांबली आणि खाली फरशीवर टपटपायला लागली, मूठ जवळजवळ कोरडी. सिलिकॉनपेक्षा त्या फुकटच्या कडीचा मला जास्त आधार वाटतो. बटणाची कड पुन्हा लावली आणि दुसऱ्या खेपेला पट्टी स्वच्छ निघाली.

इथे एक सांगून ठेवते. कंपनीच्या मशीनवर आयपी आणि पुढे दोन आकडे असतात. त्यातला दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आपण घरी केलं ते शिंतोड्यांपुरतं. त्याला काही प्रमाणपत्र नाही आणि ते बादलीत बुडवून बघायचं नाही.

ऑगस्टमध्ये परवानगीचे कागद पूर्ण झाले. लाऊडस्पीकरचा अर्ज, कार्यकर्त्यांची यादी, सीसीटीव्ही कुठे कुठे, आग विझवण्याची नळकांडी किती. पोलीस चौकीतल्या बैठकीत तपासणीची मशीनं किती आणि चालू किती असं विचारलं, तेव्हा मी उठून चार म्हणाले. तिथेच पुन्हा समजावलं गेलं की महिलांची तपासणी महिलाच करतील, आपण मशीन फिरवायचं, अंगाला हात लावायचा नाही आणि शंका आली तर बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगायचं. एकूण खर्च १,०५० रुपये झाला, त्यात वाया गेलेली ती चंदेरी टेपही आहे. तिचीही पावती मी लावली.

२४ ऑगस्टला चारही मशीनमध्ये सेलशेजारी नव्या पट्ट्या घातल्या. उत्सवात दुसऱ्याच संध्याकाळी पाऊस आला. ताडपत्रीची धार पुन्हा तिथेच, मी पुन्हा तिथेच. मशीन चालू राहिलं. पावसात नवीच अडचण कळली, ती म्हणजे छत्र्या. प्रत्येकीच्या हातात लोखंडी काड्यांची छत्री, त्यामुळे मशीन सारखं थरथरत होतं. दुसऱ्या दिवसापासून रांगेआधी एक टेबल मांडलं, छत्री आणि पिशवी तिथे ठेवायची, मशीनखालून गेल्यावर उचलायची. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र वाजणारच. हात पुढे करायला सांगून कुठे वाजतंय ते बघितलं की झालं. एक आजी पेसमेकरचं कार्ड हातात घेऊनच आल्या होत्या. अशा वेळी मशीन छातीपाशी रेंगाळू देऊ नका. मी त्यांना नमस्कार करून तशाच आत सोडलं, त्यांची पिशवी तेवढी बघितली.

सातव्या रात्री तीन नंबरचं मशीन अडखळलं. सेल बदलताना झाकणावरची ट्यूबची कडी परत चढवायची राहिली होती. लगेच सेल काढला, उघडून पंख्याखाली ठेवलं, दोन दिवस वापरलं नाही. अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, ते पुन्हा रांगेवर होतं. आता सेलच्या झाकणावर मी पांढऱ्या रंगाने ‘कडी’ असं लिहून ठेवलंय.

मिरवणूक संपून झोप पुरी व्हायला दोन दिवस गेले. ९ सप्टेंबरला संध्याकाळी काकांच्या ओट्यावर बसून आम्ही चारही झाकणं उघडली. एक, दोन आणि चारच्या पट्ट्या घातल्या तशाच निघाल्या. तीनची पट्टी एका कोपऱ्यात निळी झाली होती, तारीख मात्र वाचता येत होती. काकांनी ती उजेडात धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. सेल काढून वेगळे ठेवले, सिलिका जेलच्या पुड्या बदलल्या आणि डबा माळ्यावर टाकला.